उस्ताद लोकांच्या दोन नंबरच्या गोष्टी: काढायच्या कशा आणि थापा ओळखायच्या कशा

नाशकात गल्लीत एक तरी म्हातारा उस्ताद, म्हणजे जुना ट्रक ड्रायव्हर, सापडतोच. कुणाचे आजोबा, कुणाचे मामा, मालेगावकडे कुणाचे चाचा, ६०-७०-८० च्या काळात आग्रा रोडवर गाडी मारलेले, आणि लग्नाच्या मांडवात दोन खुर्च्या ओढून बसले की सुरू, परमिट नसताना इंदूर कसं गाठलं, कांद्याखाली काय काय नेलं, नाक्यावर साहेबाला कसा गुंडाळला. सगळे हसतात, पोरं रील काढतात आणि विषय तिथंच संपतो. ही माणसं आता सत्तरी-ऐंशीच्या पुढं गेलीत, तेव्हा ज्यांच्या घरात असा माणूस आहे त्यांनी हे नीट लिहून काढा, कसं काढायचं ते मला जमतं तसं सांगतो.

सगळ्यात आधी, मोबाईल चालू करायच्याही आधी, नियम समजून घ्या. कोणता नियम मोडला हेच माहीत नसेल तर समोरचा माणूस काय सांगतोय ते कळत नाही, नुसती मर्दुमकी ऐकू येते. आज परमिट म्हणजे फी भरली की मिळणारा कागद, तेव्हा तसं नव्हतं. १९३९ चा मोटार व्हेईकल कायदा होता आणि तो चालला थेट १ जुलै १९८९ ला नवा कायदा लागू होईपर्यंत. जुन्या कायद्यात मालगाड्या दोन जातीच्या, पब्लिक कॅरियर म्हणजे लोकांचा माल भाड्याने नेणारी आणि प्रायव्हेट कॅरियर म्हणजे मालकाने आपल्याच धंद्याचा आपलाच माल न्यायचा, दुसऱ्याचा एक नगसुद्धा भाड्याने घ्यायचा नाही. गाडीच्या कपाळावर तसं रंगवलेलं असायचं. पब्लिक कॅरियरचं परमिट द्यायचं की नाही ते आरटीए म्हणजे प्रादेशिक परिवहन प्राधिकरण ठरवणार, आधीचे परमिटवाले त्यावर हरकत घेऊ शकणार, आणि परराज्यात जायचं तर दोन राज्यांचा करार, ठरलेला कोटा, वर तिकडच्या ऑथॉरिटीची काउंटरसही. नॅशनल परमिट आलं १९७५ ला, तेही सुरुवातीला मोजक्यांनाच, आणि तेव्हाचं नॅशनल म्हणजे सगळा देश नव्हे, आपलं राज्य आणि परमिटवर लिहिलेली ठराविक राज्यं एवढंच. सगळ्या देशाचं परमिट २०१० ला झालं.

म्हणजे बघा, लासलगाव-पिंपळगावला कांदा पडलाय, गाडी आहे, उस्ताद आहे, आणि कागद नाही. बिनपरवाना भाडं मारायला तिथूनच सुरुवात. उस्तादांच्या तोंडी जास्त येतो तो प्रकार प्रायव्हेट कॅरियरच्या रिटर्न भाड्याचा. दुकानदाराची गाडी माल टाकायला मुंबईला गेली, रिकामी आणायची तर डिझेल अंगावर, मग मस्जिद बंदरला कुणाचा तरी माल भरायचा आणि बिल फाडायचं आपल्याच दुकानाच्या नावाने. कागदावर सगळा माल मालकाचा. आता साहेबाने कसाऱ्याला गाडी अडवली तरी प्रत्येक पेटीचा खरा धनी कोण हे तो रस्त्यात उभा राहून कसं सिद्ध करणार? दुसरा प्रकार, परमिट एकाचं आणि गाडी भलत्याचीच, महिन्याला परमिटवाल्याला ठरलेली रक्कम. तिसरा, एका नंबरवर दोन गाड्या, हा सांगणारे भरपूर आणि प्रत्यक्ष केलेले कमी, तर याला जरा जपून. शेतीच्या नावावर ट्रॅक्टर आणि काम विटा-वाळूचं, हे तर आजही तुम्हाला दिसेल, त्यात इतिहास काही नाही.

आता बसायचं कसं. थेट 'तुम्ही काय काय दोन नंबर केलं' असं विचारलं की माणूस एकतर गप्प होतो नाहीतर फुगवून सांगतो, दोन्ही वाया. गाडीपासून सुरू करा. पहिली गाडी कोणती, पासिंग (कागदावर मंजूर वजन) किती टनाचं, मालक कोण, हुंडेकरी (भाडं ठरवून देणारा ट्रान्सपोर्टवाला) कोणता, क्लीनर कोण होता. गाडीवर बोलताना उस्ताद खोटं बोलत नाही सहसा, गियर कसा पडायचा, रेडिएटर कुठं उकळायचा, हे त्याच्या हाताला पाठ असतं. मग रूट विचारा, एकेक थांबा, घोटी, इगतपुरी, कसारा, शहापूर, भिवंडी. थांब्यांवरून आपोआप नाके येतात, नाक्यांवरून पैसे येतात, आणि पैसे आले की खरी गोष्ट सुरू होते, तुम्हाला काही खोदावं लागत नाही. रेकॉर्डिंग करताय ते आधी सांगा, लपून करू नका, आणि मोबाईल समोर ठेवून विसरून जा.

शब्द त्यांचेच वापरा. लाच म्हणू नका, ते एंट्री म्हणतील, चहापाणी म्हणतील. ओव्हरलोडला 'जास्तीचा माल'. दंडाच्या पावतीला मेमो. घरी 'साहेब तुम्ही भ्रष्टाचार' वगैरे सुरू केलं की मुलाखत संपली समजा.

आजी जवळ बसली असेल तर तिला उठवू नका. उस्तादाला साल आठवत नाही, तिला आठवतं, कारण तिच्याकडे पोरांचे जन्म आहेत. 'धाकटा पोटात होता तेव्हा हे सेंधव्याला गाडी धरली म्हणून अडकून पडले' हे वाक्य उस्ताद कधीच सांगणार नाही. आणि दंड किती भरला, कुणाकडून उसने आणले, कोणता दागिना मोडला, हे पण तिच्याकडेच. उस्तादाच्या गोष्टीत तो कायम सुटलेला असतो.

पण माझं विचाराल तर सगळ्यात भारी माणूस म्हणजे क्लीनर. नाक्यावर उस्ताद स्टेअरिंगवर बसून राहायचा, उतरून कागद आणि कागदात घडी घातलेली नोट घेऊन पळायचा तो क्लीनर, त्यामुळे कुठल्या नाक्यावर काय रेट होता, रात्रीचा वेगळा का, कोण घ्यायचं आणि कोण अजिबात घ्यायचं नाही, हे त्याला माहीत. शिवाय त्याला स्वतःची फुशारकी मारायची नसते, उस्तादाची मापं काढायची असतात. त्यानंतर कमानपाट्याचं, म्हणजे गाडीचा भार पेलणाऱ्या स्प्रिंगच्या पट्ट्यांचं, दुकान. नाशकातल्या द्वारका चौकाच्या आसपास किंवा आडगाव ट्रक टर्मिनलकडे जुना पाटेवाला मिस्त्री सापडला तर सोडू नका, कारण ओव्हरलोड म्हणजे मुळात पाट्यांचा विषय, जास्तीचे पाटे टाकल्याशिवाय गाडी तो माल उचलत नाही आणि कुणाच्या गाडीला किती पाटे जास्त टाकले हे मिस्त्री विसरत नाही. फाळक्यावर फाळका (बाजूची फळी) चढवून बॉडी उंच करणारा सुतार पण तसाच. हुंडेकऱ्याकडचा जुना मुनीम मिळाला तर सोन्याहून पिवळं, फक्त तो बोलत नाही लवकर.

साल कसं पकडायचं. 'तेव्हाची गोष्ट आहे' याला काही अर्थ नाही. नाशिककर माणसाला कुंभ विचारा, कुंभाच्या आधी का नंतर, १९८०, १९९१-९२, २००३-०४, यात गोष्ट कुठंतरी बसते. मग ७२ चा दुष्काळ, आणीबाणी, इंदिराबाई गेल्या तेव्हा गाडी कुठं होती (हे प्रत्येकाला आठवतं, ३१ ऑक्टोबर १९८४, कुठल्या ढाब्यावर अडकले होते ते पण सांगतात). शेतकरी संघटनेचं ऊस-कांद्याचं आंदोलन, नोव्हेंबर १९८०, शरद जोशींचं, तेव्हा आग्रा रोड अडला होता, त्यात अडकलेले बरेच सापडतील. आणि मे १९७४ चा रेल्वे संप जरूर विचारा, रेल्वे ठप्प आणि सगळा देश ट्रककडे बघतोय, अशा वेळी परमिट कोण विचारणार?

माल काय होता हे पण साल सांगतं. ७२ च्या आगेमागे धान्य असेल तर जिल्हाबंदी आठवते का विचारा, ज्वारी एका जिल्ह्यातून दुसऱ्यात न्यायला परवानगी लागायची, म्हणजे आपल्याच शेतातली पोती सासुरवाडीला नेणं हा सुद्धा गुन्हा होऊ शकत होता. कापूस असेल तर १९७२ नंतरचं. एकाधिकार खरेदी योजना आली, महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याने कापूस फक्त सरकारी योजनेला घालायचा, आणि पलीकडे मध्य प्रदेश-गुजरातमध्ये भाव जास्त मिळाला किंवा पैसे रोख मिळाले की खानदेशातून रात्रीचा कापूस निघायचा. इथं एक चाचणी ठेवा. कापूस हलका आणि फुगीर, भरलेली गाडी कोसावरून ओळखू येते, ताडपत्री टाकून लपत नाही. त्यामुळे 'दिवसाढवळ्या हाडाखेडवरून (मध्य प्रदेशच्या हद्दीवरचा नाका) कापसाच्या दहा गाड्या काढल्या' म्हणणाऱ्याला विचारा, कोणाच्या आशीर्वादाने? आडवाटेने, रात्री, छोट्या गाड्यांतून, बैलगाड्यांतून, हे जास्त पटतं.

थापा पकडायला गाडी आणि नंबर फार कामाला येतात. नाशिकची एमएच १५ ही पाटी १९८९ नंतरची, त्याआधी एम ने सुरू होणारी तीन अक्षरं असायची, तर 'अठ्ठ्याहत्तरला माझी एमएच १५ होती' म्हणाले की साल तरी चुकलंय नाहीतर गाडी. टाटा ४०७ आली १९८६ ला, आणीबाणीत कुणी ४०७ पळवली नाही. टाटांचा मर्सिडीजशी करार १९५४ ते १९६९, बॉनेटवरचा तारा जाऊन टी आला तो त्यानंतर, त्यामुळे 'बेंझ' म्हणणारे उस्ताद बहुतेक जुनेच, पण काही जण पुढे सत्तरच्या टाटाला पण सवयीने बेंझ म्हणत राहिले, म्हणून एवढ्यावर निकाल देऊ नका. ८२ साली मालकाने रस्त्यात फोन करून सांगितलं असं आलं तर विचारा कुठं केला फोन. हुंडेकऱ्याच्या ऑफिसात ट्रंक कॉल लावून बसायचे, गाडीत फोन नव्हता. चूक पकडली म्हणून तोंडावर पाडू नका. बहुतेक वेळा माणूस खोटं बोलत नसतो, दोन गाड्या नाहीतर दोन सालं एकत्र झालेली असतात, 'ती आधीची गाडी होती का हो?' एवढं विचारलं तरी स्वतःच दुरुस्त करतात.

टनाची गोष्ट असेल तर टन विचारूच नका. पोती विचारा. साखरेचं पोतं शंभर किलोचं, सिमेंटची गोणी पन्नासची, कांद्याची गोणी किती भरायचे ते त्यांनाच विचारा आणि गुणाकार घरी करा. पुढच्या काळातली सहा चाकी १६.२ टन ग्रॉसची (म्हणजे गाडी आणि माल मिळून), गाडीचं स्वतःचं वजन वजा केलं की माल नऊ-दहा टन, म्हणून नऊ टनी गाडी म्हणायचे. टाटाची १२१० त्याहून लहान, नावातले पहिले दोन आकडे म्हणजे साधारण ग्रॉस टन. आता सिमेंटच्या ३०० गोण्या म्हटलं की झाले १५ टन, हे व्हायचं, सर्रास व्हायचं. पण १२१० वर ३० टन घालून कसारा चढला म्हणणाऱ्याला चहा पाजा आणि पुढचा प्रश्न विचारा. वेळेचं पण तसंच, मुंबई-नाशिक १७०-१८० किलोमीटर, भरलेली जुनी गाडी, घाट, नाके, सात-आठ तास धरा, 'तीन तासात आणली' असं असेल तर रिकामी तरी होती नाहीतर आणलीच नाही.

जकात, म्हणजे शहरात माल आणताना नाक्यावर भरायचा कर, हा वेगळाच प्रांत आणि नाशिकमध्ये सगळ्यात मजेदार गोष्टी इथंच मिळतात. आधी हद्द विचारा, कारण महानगरपालिका झाली १९८२ ला, त्याआधी नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर अशा वेगवेगळ्या नगरपालिका होत्या, त्यामुळे 'नाक्याच्या अलीकडे माल उतरवला' म्हणजे नक्की कुठं हे सालावर अवलंबून. नंतरच्या काळात विल्होळी, आडगाव या नाक्यांची नावं येतील. युक्त्या ठरलेल्या, बिल कमी रकमेचं, महागाचा माल खाली आणि भाजीपाला वर, रात्री गावातल्या शिवाररस्त्याने छोट्या टेम्पोत माल आत, आणि सगळ्यात हुशार म्हणजे माल शहरातून फक्त पुढं जातोय असा कागद करायचा आणि गाडी आत येऊन हळूच रिकामी करायची. नाशिकची जकात मे २०१३ ला गेली, एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला, तो पण गेला, मुंबईची जकात २०१७ ला जीएसटीत संपली, त्यामुळे आजच्या तिशीतल्या पोराला नाक्यावर चार तास रांगेत उभं राहणं म्हणजे काय हे समजावून सांगावं लागतं. ते लिहा. युक्तीपेक्षा रांग जास्त लिहा, कारण सगळी चोरी पैशासाठी नव्हती. टोमॅटो घेऊन उभा असलेल्या माणसाला चार तासात माल सडताना दिसतो, तो वेळ वाचवायला पण नोट द्यायचा.

घरातले कागद मागा. उस्ताद म्हणतील काही नाही ठेवलं, आजी पत्र्याची पेटी काढेल. टीसी बुक (गाडीच्या कागदांचं पुस्तक), जुनं लायसन (पुस्तकासारखं असायचं, नूतनीकरणाचे शिक्के बघा), परमिट, बिल्टी (मालासोबतची ट्रान्सपोर्टची पावती), वजनकाट्याच्या पावत्या, मेमो. बिल्टीवर माल, नग, वजन, पाठवणारा, घेणारा, भाडं सगळं असतं, आणि त्याच फेरीची काटा पावती चुकून मिळाली तर दोन वजनं शेजारी ठेवा, काही बोलायची गरज नाही. सगळ्यात भारी म्हणजे फेरीच्या हिशोबाची वही. डिझेल, भत्ता, हमाली, वारई, पंक्चर, आणि मग 'रस्ता खर्च' किंवा 'किरकोळ' असा एक आकडा जो डिझेलच्या खालोखाल मोठा असतो. किरकोळ एवढं मोठं का हे विचारायचं, हळूच. कागदांचे फोटो दोन्ही बाजूंनी काढा, मागच्या बाजूला पेन्सिलीने काहीतरी लिहिलेलं असतंच.

बाहेरून ताडायचं असेल तर सार्वजनिक वाचनालयात, म्हणजे सावानात, जुन्या फायलींबद्दल विचारून बघा, 'गांवकरी' १९३८ ला सुरू झालेला पेपर, मोठा अपघात, संप, धाड असेल तर बातमी सापडू शकते. नुसती तारीख जुळली तरी पुष्कळ.

आता एक गोष्ट जी मला लिहिताना फार महत्त्वाची वाटते. सगळे नियम एका मापाने मोजू नका. परमिटशिवाय कांदा नेला यात कुणाचं वाईट झालं हे शोधावं लागतं, कायदाच असा होता की गाडी घरी उभी ठेवायची नाहीतर गुन्हेगार व्हायचं, आणि पुढे सरकारनेच तो बदलला. पण घाटात न्यूट्रल मारणं हा त्यातला प्रकार नाही. कसारा उतरताना किंवा चांदवडकडे राहुड घाटात गियर काढून गाडी सोडून द्यायची, डिझेल वाचवायचं आणि वाचलेलं डिझेल ढाब्यावर विकायचं, ही गोष्ट उस्ताद सगळ्यात जास्त हसून सांगतात. गियर काढला की इंजिनची अडवणूक गेली, सगळा भार ब्रेकवर, ड्रम तापले की ब्रेक धरत नाही, आणि गाडीत पासिंगच्या दीडपट माल आहे. वर केबिनमध्ये आणि मालावर शिटा बसवलेल्या, ज्यांना बस परवडत नव्हती किंवा मिळत नव्हती अशी माणसं. १९६१ च्या मोटार कामगार कायद्यात आठ तासांची ड्युटी लिहिली आहे, ती कुठल्या उस्तादाने बघितली असेल तर मला सांगा, दोन-दोन रात्री न झोपता गाडी चालायची आणि ती मालक चालवून घ्यायचा. ओव्हरलोडचं तर काही राज्यांनी पैसे भरून जास्तीच्या वजनाला सूट देणारी कार्डं काढली होती, ती २००५ ला सुप्रीम कोर्टाने बंद पाडली, म्हणजे दोन नंबर फक्त उस्तादच करत होता असंही नाही.

म्हणून प्रत्येक गोष्टीनंतर एक प्रश्न विचारायचाच, 'यात पैसे कुणाला सुटले?' बघा काय होतं. जास्तीच्या पाच टनाचं भाडं मालकाला आणि हुंडेकऱ्याला, मेमो ड्रायव्हरच्या नावावर, गाडी धरली तर लॉकअपमध्ये क्लीनर. हा प्रश्न विचारला की मांडवात शंभर वेळा सांगितलेली हसण्याची गोष्ट पहिल्यांदा वेगळी सांगितली जाते. थांबा तिथं, मध्ये बोलू नका.

अपघाताचा विषय उस्तादांनी स्वतः काढला तर ऐका, आपण काढू नका. काढला तर त्या दिवशी दुसरं काही विचारू नका.

लिहिताना बोली तशीच ठेवा, 'क्लिंडर' म्हणाले तर क्लिंडर लिहा, आणि जिथं तुमचा अंदाज आहे तिथं अंदाज असं स्पष्ट लिहा. नावं काढून टाका. साहेब, मालक, हुंडेकरी यांची पोरं-नातवंडं याच शहरात राहतात, आणि पन्नास वर्षांपूर्वी कुणी वीस रुपये घेतले हे पुराव्याशिवाय नावानिशी छापण्यात काही शौर्य नाही. उस्तादांचं नाव टाकायचं की नाही हे त्यांना विचारा, आणि घरच्यांना पण, कारण आजोबांना अभिमान असतो आणि सुनेला वाटतं पोरीच्या लग्नात कुणीतरी हे काढेल. ऑडिओ दोन ठिकाणी ठेवा, फाईलला तारीख आणि गाडीचं मॉडेल असं नाव द्या, नुसतं 'आजोबा १' दिलं तर वर्षभराने तुम्हालाच कळणार नाही काय होतं त्यात. लिहून झालं की प्रिंट काढून मोठ्या अक्षरात त्यांना वाचायला द्या, दिसत नसेल तर वाचून दाखवा, आणि पेन जवळ ठेवा, कारण 'हे असं नव्हतं रे' म्हणत ते जे सांगतात ते पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये कुठंच नसतं.